१४४ नमुन्यांचा हिशेब

संशोधन अनुदानाच्या माझ्या पहिल्या अर्जाला नकार आला तेव्हा सोबत परीक्षकांचे दोन अभिप्राय होते. एकात विषय महत्त्वाचा असल्याचं, पण व्याप्ती फार मोठी असल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यात एकच प्रश्न होता: दीड वर्षात जमिनीतल्या सेंद्रिय कर्बातला, म्हणजे कार्बनमधला, फरक तुम्ही मोजणार कसा? आठवडाभर मी तो प्रश्न टाळला. मग एका संध्याकाळी वही घेऊन बसले.

शाश्वत शेती आणि अन्न या विषयांवर विद्यार्थ्यांसाठी छोटी संशोधन अनुदानं असतात. त्यांना अर्ज करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. त्या संध्याकाळचा हिशेब मी अर्ज भरण्याआधी केला असता तर एक अख्खा हंगाम वाचला असता.

माझं शीर्षक होतं, हिरवळीच्या खताचा जमिनीच्या आरोग्यावर, पिकाच्या उत्पादनावर आणि हवामान बदलाला तोंड देण्याच्या क्षमतेवर होणारा परिणाम. हिरवळीचं खत म्हणजे हिरवं पीक वाढवून ते जमिनीतच गाडायचं. शीर्षकातला प्रत्येक शब्द मी मनापासून लिहिला होता. पण आकडे मांडले तर काय दिसतं बघा. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटीमीटरचा थर घेतला तर माती भरते साधारण २,००० टन. सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के धरला तर तो १२ टन. आता हिरवळीचं पीक गाडलं आणि वाळलेल्या वजनाने ४ टन पालापाचोळा जमिनीत गेला. त्यात कर्ब सुमारे ४२ टक्के, म्हणजे १.७ टनांच्या आसपास. जिवाणू आणि बुरशी त्यातला बराचसा भाग वर्षभरात कुजवून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत सोडतात. एक तृतीयांश मागे उरला असं उदार मनाने धरलं तरी अर्ध्या टनाहून थोडा जास्त. टक्केवारीत ०.६० चा ०.६३ होतो. एकाच शेतात बांधाजवळचा आणि मधला असे दोन नमुने घेतले तर त्यांच्यातच याहून मोठा फरक निघू शकतो.

परीक्षकाचं बरोबर होतं. देशोदेशींच्या हरितगृह वायूंच्या नोंदींसाठी आयपीसीसीने (हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने) २००६ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात जमिनीतल्या कर्बाचा बदल सर्वसाधारणपणे २० वर्षांच्या काळावर आणि ३० सेंटीमीटर खोलीपर्यंत धरला आहे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबॉक या शेतावरचा गव्हाचा प्रयोग १८४३ पासून चालू आहे, म्हणून तिथे कर्बाबद्दल ठामपणे बोलता येतं. माझ्या हातात दीड वर्ष होतं.

मग एवढ्या काळात नक्की काय बदलतं? नत्र. हिरवळीचं पीक कुजायला लागलं की त्यातलं नत्र अमोनियम आणि नायट्रेटच्या रूपात मोकळं होतं आणि बरंचसं पहिल्या काही आठवड्यांतच होतं. ते मोकळं होण्याची वेळ आणि पुढच्या पिकाला त्याची गरज असण्याची वेळ जुळते का? हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातला होता. आणि मला तो पहिल्या प्रश्नापेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण न जुळलेलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली निघून जातं आणि शेतकऱ्याचा बियाण्याचा नि मशागतीचा खर्च तसाच राहतो.

ज्यांच्या शेतावर प्रयोग करायचा होता त्या काकूंकडे मी नवा आराखडा घेऊन गेले. खरं तर संमतीपत्रावर सही हवी होती, तेवढंच काम. त्यांनी तारखांच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"या तारखेला वाफसा नसला, रान ओलं चिकट असलं, तर पीक गाडणार कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या पुस्तकात फुलोऱ्यावर गाडायचं लिहिलंय, ते मलाही माहितीये. पण त्या वेळी ट्रॅक्टर मिळत नाही, माणसं मिळत नाहीत. दोन-तीन आठवडे उशीर होतोच. त्या उशिराने काय नुकसान होतं ते सांगशील तर माझ्या कामाचं."

ते पीक फुलोऱ्याच्या पुढे गेलं की काडी जून होते आणि कर्ब-नत्र गुणोत्तर वाढतं. गुणोत्तर २५ च्या बरंच वर गेलं की कुजवणारे जिवाणू स्वतःसाठीच जमिनीतलं नत्र उचलायला लागतात आणि पिकाला काही काळ ते मिळत नाही. हे सगळं मी वर्गात शिकले होते. पण उशीर हीच रोजची रीत आहे आणि प्रयोगात तीच तपासायला हवी, हे मला काकूंकडून कळलं. ट्रीटमेंट, म्हणजे तुलना करायच्या पद्धती, तीन ठरल्या: हिरवळीचं पीक नाही, फुलोऱ्याच्या सुरुवातीला गाडलेलं, आणि तीन आठवडे उशिरा गाडलेलं. तारखा काढून टाकल्या, त्याऐवजी 'गाडल्यानंतर इतक्या दिवसांनी' असं लिहिलं. शेताच्या खालच्या अंगाला पाणी मुरून राहतं हेही त्यांनीच चालत नेऊन दाखवलं. त्यामुळे शेताचे चार ब्लॉक, म्हणजे पट्टे, उताराला आडवे पाडले, म्हणजे प्रत्येक ब्लॉकमध्ये तिन्ही ट्रीटमेंटना जवळपास सारखी जमीन मिळाली. प्रत्येक ब्लॉकमधला प्लॉटचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला.

निघताना त्यांनी विचारलं, "प्रयोगशाळेला पैसे देणार, गाडीला देणार. माझं रान आणि माझा वेळ कुठल्या रकान्यात आहे?" पहिल्या अर्जात तो रकानाच नव्हता. याची मला आजही खंत वाटते. शाश्वत शेतीवर पानंच्या पानं लिहायची आणि जिच्या शेतावर उभं राहायचं तिचे दिवस फुकट धरायचे, हे मुळातच चुकीचं आहे. अनुदानाचं सूचनापत्र पुन्हा वाचलं तर सहभागी शेतकऱ्यांना मानधन देता येईल असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. तुमच्याही सूचनापत्रात ते शोधा. नसेल तर अनुदान देणाऱ्यांना पत्र लिहून विचारा.

आता बजेट. बहुतेक जण ते शेवटच्या रात्री भरतात, मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं. दुसऱ्या वेळी सगळ्यात आधी बजेट घेतलं. ३ ट्रीटमेंट, ४ ब्लॉक, म्हणजे १२ प्लॉट. ६ वेळा मातीचे नमुने, जमिनीत २ खोलींवर. १४४ नमुने. हा आकडा कागदावर आला आणि बाकी सगळं त्याच्या मागोमाग आपोआप आलं. दर नमुन्यामागे तपासणीचा खर्च किती, शेतावर किती फेऱ्या, सोबत किती माणसं. एका प्लॉटमध्ये आठ ठिकाणी ऑगर (माती काढायचं गिरमिट) घालायचा, माती घमेल्यात एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, हातात अर्धा किलो उरेपर्यंत हेच पुन्हा करायचं. मी घड्याळ लावून एकदा करून पाहिलं. दोघांना एका प्लॉटच्या दोन्ही खोलींना पंचवीस मिनिटं लागली. म्हणजे १२ प्लॉटना पाच तास, आणि एवढा वेळ माती उन्हात पिशवीत राहिली तर जिवाणूंचं काम चालूच राहणार आणि नायट्रेटचा आकडा फुगणार. म्हणून बर्फाची पेटी आली आणि पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात अर्क काढेपर्यंत नमुने ठेवायला फ्रिजरमधली जागा आली. पहिल्या अर्जात मी फक्त 'माती परीक्षण' असं लिहून एक ठोक रक्कम टाकली होती. परीक्षकाला त्या एका ओळीवरूनच सगळं कळलं असणार.

प्रत्येक रकमेखाली दोन-तीन ओळींत कारण लिहिलं. संस्थेचा प्रशासकीय खर्च किती टक्के चालतो, पैसे आधी मिळतात की बिलं दिल्यावर, हे नीट वाचून घ्या. माझ्या बाबतीत काही रक्कम आधी खिशातून घालावी लागणार होती, त्यासाठी विभागाशी वेळेत बोलता आलं.

कागदपत्रांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गाईडचं शिफारसपत्र तीन आठवडे आधी मागितलं आणि सोबत अर्जाचा एक पानाचा सारांश दिला. संस्थेच्या सहीसाठी अंतर्गत मुदत अर्जाच्या मुदतीच्या बरीच आधी असते. पहिल्या वेळी तिथेच दोन दिवस धावपळ झाली होती. सारांश मात्र मी शेतीबाहेरच्या एका मैत्रिणीला वाचायला दिला. 'खनिजीकरण' या शब्दाशी ती अडखळली, तिथे मी 'नत्र मोकळं होणं' असं केलं. परीक्षक मंडळात अर्थशास्त्राची किंवा आहारशास्त्राची माणसंही असू शकतात.

शेवटी निकाल कसा कळवणार, हा भाग पहिल्या अर्जात 'शोधनिबंध प्रसिद्ध करू' एवढाच होता. या वेळी लिहिलं: हंगामाच्या शेवटी काकूंच्या शेतावर आसपासच्या शेतकऱ्यांची बैठक, आणि उशिराच्या प्रत्येक आठवड्याला किती नत्र हुकतं याचा एका पानाचा तक्ता. मैत्रीण म्हणाली, तीन आठवड्यांच्या एकाच ट्रीटमेंटवरून दर आठवड्याचा आकडा कसा काढणार? तक्त्याचं वाक्य बदलून 'तीन आठवड्यांच्या उशिराने' असं केलं.

अनुदान मंजूर झालं, पण मागितलेल्या रकमेत कपात करून. सुधारित बजेट दहा दिवसांत मागितलं होतं. माझा प्रश्नच नत्र मोकळं होण्याच्या वेळेचा होता, म्हणून नमुने घेण्याच्या सहाच्या सहा वेळा ठेवल्या आणि खालच्या थराचे नमुने फक्त पहिल्या आणि शेवटच्या वेळी घ्यायचं ठरवलं. १४४ चे ९६ झाले. काकूंच्या मानधनाच्या ओळीला हात लावला नाही. सुधारित कागद त्यांना दाखवायला गेले तेव्हा पीक गुडघ्याएवढं झालं होतं आणि त्या ट्रॅक्टरवाल्याशी फोनवर दिवस ठरवत होत्या.