कोड वाचताना दम लागू नये

गेल्या आठवड्यात रात्री जागून एसक्यूलाइटचा सोर्स कोड वाचत बसलो होतो आणि खरं सांगतो, सी भाषेतला इतका नीट कोड मी फार कमी बघितलाय. 2000 साली रिचर्ड हिप यांनी सुरू केलेला हा डेटाबेस आज अँड्रॉइडमध्ये पण आहे आणि आयफोनमध्ये पण.

त्यातल्या बी-ट्रीच्या (म्हणजे डेटा झाडासारखा रचून ठेवायची पद्धत) हेडर फाइलमध्ये सुरुवातीलाच भली मोठी कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठीची टीप आहे, डेटाबेसची फाइल डिस्कवर कशी मांडलीय ते सगळं त्यात सांगितलंय, पेज, म्हणजे फाइलचा एकेक सारखा तुकडा, 512 ते 65536 बाइटचं, पहिल्या 16 बाइटमध्ये काय, पुढे कुठल्या बाइटला काय, म्हणजे कोडची एक ओळ न वाचता चित्र डोळ्यासमोर उभं राहतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते विचारायला कुणाला फोन करावा लागत नाही.

आणि ते असर्ट, म्हणजे 'इथे ही गोष्ट खरी असलीच पाहिजे' असं तपासणाऱ्या कोडमधल्या ओळी! हजारो आहेत. इथे पोचलास म्हणजे अमुक लॉक (एका वेळी दोघांनी तोच डेटा बदलू नये म्हणूनचं कुलूप) घेतलेलंच असणार, असं फंक्शन स्वतःच सांगतं. कॉमेंट जुनी होते, पण असर्ट खोटं ठरलं की टेस्ट तिथंच बोंब मारते, आणि टेस्टचा कोड तर मूळ कोडच्या शेकडो पट आहे.

माझ्या आधीच्या नोकरीत बाराशे ओळींचं एक फंक्शन होतं, व्हेरिएबलची नावं टेम्प, टेम्प2, टेम्प3, त्यात जीएसटीचा हिशोब कुठे होतो ते शोधायला मला दोन दिवस लागले. लिहिणारा हुशारच होता, पण पुढच्या माणसाचा विचार केलाच नव्हता. आता मी एकेका नावाला दहा मिनिटं देतो, टीममधली पोरं म्हणतात दादा एवढं काय त्यात, तरी देतो.