उशाशी तांब्या

आज अमळनेरजवळच्या आमच्या गावी जुनं घर आवरायला गेलो होतो, धाब्याचं घर आहे, पावसाळ्याआधी माती टाकावी लागते नाहीतर गळतं, आणि कोठीघरातल्या लोखंडी पेटीत बाजरीच्या बियाण्याच्या पुरचुंडीखाली एक चांदीचं मेडल सापडलं. काळं पडलेलं. मी भंगार समजून बाजूला टाकणार तेवढ्यात मोठी काकू ओरडली, "ठेव रे भो, आपला आबानं शे ते!"

आबा म्हणजे माझे खापरपणजोबा. बॉम्बे ग्रेनेडियर पलटणीत शिपाई. चिंच लावून घासलं तर एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला तोफ वाहणारा हत्ती, कडेला इंग्रजीत नंबर आणि नाव कोरलेलं, तेही स्पेलिंग चुकवून (साहेबाला आपली नावं कधी जमलीत म्हणा!). वर कंदाहारची पट्टी, म्हणजे दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धातली कंदाहारची लढाई.

आणि बॉम्बे ग्रेनेडियर पलटण त्याआधी मैवंदलाही होती, तेही अफगाणिस्तानातच, म्हणजे आपला माणूसही तिथे असणार. २७ जुलै १८८०, अयुब खानाने इंग्रज फौजेचा पार धुव्वा उडवला, अडीचेक हजारातले हजाराच्या आसपास मेले, आणि उरलेले भर उन्हाळ्यात, पाण्याविना, सत्तरेक किलोमीटर चालत कंदाहारला पोचले.

काकू सांगते, आबा लढाईबद्दल कधी चकार शब्द बोलायचे नाहीत, पण म्हातारपणीसुद्धा उशाशी पाण्याचा भरलेला तांब्या नसेल तर झोपायचे नाहीत, रात्री उठून नुसता हात लावून बघायचे.

तो तांब्याही आहे घरात. पोचे पडलेला. काकू त्यात तुळशीला पाणी घालते.