पोर्ट ऑफ स्पेन: सात महाल आणि मागच्या गल्लीतली लाकडी घरं

24 जुलै 2023, त्रिनिदादच्या राजधानीतलं क्वीन्स पार्क ओव्हल, विंडीजविरुद्धच्या टेस्टचा पाचवा दिवस. भारताला आठ विकेट हव्या होत्या आणि पाऊस काही थांबायचं नाव घेईना. 1971 ला वाडेकरांच्या टीमने विंडीजला पहिल्यांदा हरवलं ते याच ग्राउंडवर, गावसकरांची पहिली टेस्टही हीच, म्हणून तर एवढ्या लांब आलो होतो. एकही बॉल पडला नाही.

त्याआधी सवाना म्हणजे शहरातल्या मोठ्या मैदानाच्या कडेचे ते प्रसिद्ध सात वाडे बघून झाले होते. कोकोच्या भरभराटीच्या काळात, 1900 नंतरच्या काही वर्षांत उभे राहिलेले, आणि एकासारखा दुसरा नाही. स्टोलमायर्स कासल म्हणजे सरळ स्कॉटिश किल्ला, तो बघून मला काहीच वाटलं नाही. मिल फ्लर्स मात्र फार आवडलं. ते कित्येक वर्षं पडायला आलेलं होतं, आता दुरुस्त होऊन तिथेच नॅशनल ट्रस्टचं, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेचं, ऑफिस आहे.

तर मॅच गेली आणि आम्ही दोघं छत्री घेऊन मागे वुडब्रुकमध्ये शिरलो. ही पूर्वी उसाची इस्टेट, अँगोस्टुरा बिटर्स हा कॉकटेलमध्ये घालायचा कडू अर्क बनवणाऱ्या सीगर्ट कुटुंबाची, कार्लोस, लुईस, अल्फ्रेडो, रोझालिनो ही रस्त्यांची नावं त्यांच्याच घरातली. दोन्ही बाजूंना छोटी छोटी लाकडी घरं, पुढे गॅलरी आणि छपराच्या कडेला लाकडात कापलेली नाजूक नक्षी, तोरण बांधल्यासारखी. स्कॉटलंडहून आलेल्या जॉर्ज ब्राउन या आर्किटेक्टने ही नक्षी वाफेवरच्या करवतीने भराभर कापायची सोय केली म्हणून ती साध्या माणसांच्या घरापर्यंत पोचली, आणि मिल फ्लर्सही त्याचंच डिझाइन. म्हणजे महालाला आणि या घरांना हात एकाच माणसाचा लागलाय, पण वाचवलं काय तर महाल.

पाऊस वाढला तेव्हा एका घरातल्या आजींनी हाक मारून गॅलरीत बोलावलं. ओळख ना पाळख, खुर्च्या दिल्या, चहा दिला. भारतातून मॅच बघायला आलोय म्हटल्यावर आधी क्रिकेटच निघालं, मग घराचा विषय. आत भिंती वरपर्यंत नाहीतच, वर एक फूटभर लाकडी जाळी, हवा एका खोलीतून दुसरीत जाते. खिडक्यांना वरून बिजागरी, खालून काठी लावून उघडायच्या, धो धो पावसातही उघड्या राहतात. एसी नव्हता आणि मला एकदाही घाम आला नाही, हॉटेलात पैसे मोजून हे सुख नव्हतं.

कोपऱ्यातली नक्षीची एक फळी त्यांनी मला हात लावून बघायला सांगितली. वरून रंग ठीक, पण बोट दाबलं की आत जातं, वाळवी. म्हणाल्या, असं काम करणारा सुतार शोधून मिळत नाही, मिळाला तर म्हणतो ही काढून टाका, पत्रा ठोकून देतो, निम्म्या खर्चात होईल. शेजारचं घर असंच गेलं, तिथे आता कार पार्किंग आहे. त्या चिडून बोलत नव्हत्या, मला मात्र ऐकताना राग येत होता.

नॅशनल ट्रस्टचा कायदा 1991 चा आहे, वारसा म्हणून वास्तूंची यादी करता येते. रेड हाउस या पार्लमेंटच्या जुन्या इमारतीवर वर्षानुवर्षं काम करून जानेवारी 2020 मध्ये पार्लमेंट परत तिथे नेलं, ते चांगलंच झालं. सवानाच्या कडेचं बोइसिएर हाउस विकायला काढलं तेव्हा लोकांनी सह्यांची मोहीम चालवली, आणि ते वाचलं. पण कार्लोस स्ट्रीटवरच्या तीन खोल्यांच्या घरासाठी कोण सह्या करणार? यादीत नाव घालून फळी बदलली जात नाही, त्याला सुतार लागतो आणि मालकाच्या हातात थोडे पैसे लागतात. ट्रस्टने दोन-चार सुतार तयार करून असल्या घरांना स्वस्तात दिले तरी केवढा फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

पुढचे दिवस शेजारच्या टोबॅगो बेटावर, समुद्र, मासे, झोप.

टूरवाले सात वाड्यांसमोर गाडी उभी करतात, फोटो झाले की निघतात. तुम्ही गेलात तर त्यांना वुडब्रुकमधून गाडी न्यायला सांगा, नाही ऐकलं तर ओव्हलपाशी उतरून चालत जा, लांब नाही. आणि एखाद्या गॅलरीत कोणी बसलेलं दिसलं तर घर सुंदर आहे असं त्यांना तोंडावर सांगा, फळी बदलायची की पत्रा ठोकायचा हे शेवटी तेच ठरवणार आहेत.