कोजागिरीला कोर्लईसमोर

मी शिडाच्या बोटीवर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, म्हणून जातो, मालकांना लांब जायचं असलं की बोलावतात. त्या वर्षी कोजागिरीला एक काका-काकू होते, लग्नाला 30 वर्षं झालेली, 28 फुटी बोट नुकतीच घेतलेली, आणि काकूंच्या मनात एवढंच की जंजिऱ्यासमोर नांगर टाकायचा आणि चांदण्यात मसाला दूध प्यायचं. मुंबईहून साधारण 40 सागरी मैल, वारा बरा असला तर आठ-नऊ तासांचं काम.

पहाटे 4 ला ओहोटी धरून निघालो. काकूंनी विचारलं, भरती-ओहोटीच्या वेळा तुला तोंडपाठ कशा रे, तर त्यांना आजोबांचा हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे 15, पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा पाणी पूर्ण भरणार आणि मग सहा तास ओहोटी. आमच्या अलिबागकडे हे कोणीही सांगेल.

मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा मस्त होता, उजाडता उजाडता खांदेरीचं दीपगृह मागे टाकलं. साडेनऊला वारा पडला आणि तिथे माझं चुकलं. दुपारनंतर विजांसह पाऊस असा अंदाज होता, तेव्हाच इंजिन लावून निघायला हवं होतं, पण काका म्हणाले शिडावरच जाऊया रे, घाई काय आहे, आणि मी त्यांचं मन राखलं. तीन तास जागेवर डुलत बसलो.

ऑक्टोबरचा पाऊस उलटा येतो, समुद्राकडून नाही, सह्याद्रीकडून. तीनच्या सुमारास आम्ही कोर्लईच्या किल्ल्यासमोर तीनेक मैल बाहेर होतो आणि डोंगरावरचा ढग इतका काळा झाला की किल्ला त्याच्यापुढे पांढरट दिसायला लागला. मग एकदम गार वारा, ओल्या मातीचा वास घेऊन. समुद्रात मातीचा वास आला की हाताशी पाच-दहा मिनिटंच असतात. काकूंना सांगितलं फोन आणि जीपीएस कुकरमध्ये घालून झाकण लावा, कारण शिडाची काठी 40 फूट उंच, आजूबाजूला दुसरं काही नाही, वीज पडलीच तर धातूच्या भांड्यात काहीतरी वाचेल. लाइफ जॅकेटं होतीच, बोटीला बांधून ठेवणारे हार्नेसचे पट्टे अडकवले, जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, गुंडाळली, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, काकूंच्या हातात दिला आणि मी काठीशी जाऊन मोठ्या शिडाला दोन रीफ घेतले, म्हणजे दोनदा दुमडून ते लहान केलं.

दुसरा रीफ बांधतोय तोवर वाऱ्याचा तडाखा बसला. मीटरवर 34 नॉट, म्हणजे ताशी साठेक किलोमीटर. किनाऱ्याकडून वारा, नैर्ऋत्येकडून जुनी लाट, दोन्ही एकमेकांवर आपटत होत्या आणि बोट नक्की कुठून मार खाणार ते कळत नव्हतं. पाऊस आडवा. काका एव्हाना उलट्यांनी अर्धे झालेले, कॉकपिटच्या तळाशी बसून म्हणाले, "अरे रेवदंड्याच्या खाडीत आत घाल, जवळ आहे ना, इंजिन लाव." सगळ्यांना तसंच वाटतं, जमीन दिसली की तिकडे पळावं. पण ओहोटी ऐन जोरात होती. खाडीतून पाणी बाहेर येतंय, वारा बाहेर फेकतोय आणि समोरून लाट, अशा वेळी खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहून फुटतात, आणि आमचं इंजिन 10 हॉर्सपॉवरचं. मी म्हटलं काका, आत्ता आत नाही, बाहेरच थांबायचं. ते माझ्यावर ओरडले. काकू म्हणाल्या, "अहो, सव्वापाचपर्यंत ओहोटी आहे, तो सांगतोय ते ऐका."

मी टिलर परत घ्यायला गेलो तर त्यांनी दिला नाही, म्हणाल्या तू शीड बघ. मी एवढंच सांगितलं, लाटांकडे बघू नका, वारा डाव्या गालावर लागला पाहिजे, तो नाकावर आला की टिलर जरा ओढा. त्यांनी बांगड्यांवर रुमाल घट्ट बांधला होता, टिलरवर आपटून फुटू नयेत म्हणून, आणि त्या रुमालातून पाण्याची धार कोपरापर्यंत वाहत होती. बोटं पांढरीफटक. दीड तास बाई हलली नाही. वीज कडाडली की डोळे मिटायच्या पण हात तिथेच. मी बिल्ज पंप मारून तळाशी साचलेलं पाणी उपसत होतो आणि मनात काकूंना हात जोडत होतो, कारण त्यांनी टिलर सोडला असता तर शीड आणि पंप दोन्ही मला एकट्याला झेपलं नसतं.

पाचनंतर वारा ओसरला, पाऊस राहिला. भरती लागल्यावर इंजिनावर हळूहळू दक्षिणेला सरकलो आणि नऊच्या आसपास जंजिऱ्याजवळच्या राजपुरीच्या खाडीत शिरलो, भरतीनेच आत घेतलं, तोंडाशी एक लाट फुटली नाही. नांगर टाकला. चंद्र ढगात, किल्ला नुसता काळा आकार. काका काही न बोलता उठले, स्टोव्ह पेटवला, पावडरचं दूध केलं, मसाला घातला आणि पहिला कप काकूंना दिला. काकूंच्या हाताची मूठ अजून नीट उघडत नव्हती, दोन्ही तळव्यांत धरून प्यायल्या.

मग मला म्हणाल्या, "उद्या प्रतिपदा, म्हणजे 16 धरायचे ना रे? बाराला भरती."

बरोबर, म्हटलं. बाराला.