आमची वाटचाल : अर्ध्या क्रेटचा धंदा

छोट्या टपऱ्यांना अर्धा-अर्धा क्रेट भाजी पोचवणारी ही फर्म काढण्याआधी सात वर्षं मी घाऊक भाजी बाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर हिशेब लिहीत होते. रात्री एक-दीडला गाड्या लागायच्या, दोनला माल उतरायचा, तीन-साडेतीनला सौदे. उजाडायच्या आत शहराच्या त्या दिवसाच्या जेवणाचा निकाल लागलेला असायचा. कोणाची आवक किती, कोणी किती उचललं, अडत-हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याची पट्टी किती निघाली, एवढं लिहायचं आणि सकाळी सातला घरी जाऊन झोपायचं.

खतावणी रोज चाळली की त्यात शहराचा नकाशा दिसायला लागतो. उपाहारगृहं, कॅन्टीनं, मोठी दुकानं यांची पानंच्या पानं भरलेली. रेल्वे रुळांपलीकडची वस्ती मात्र आमच्या खात्यात जवळजवळ नव्हतीच. माझी मावशी तिथेच राहायची. ती म्हणायची, "आमच्याकडे टोमॅटो महाग, आणि तोही कालचा." मला आधी वाटायचं, मावशीला कुरकुरायची सवयच आहे.

एका सुट्टीच्या दिवशी तिच्या गल्लीतल्या भाजीवाल्या काकूंना विचारलं, माल कुठून आणता? त्या सकाळी बसने निघायच्या, मधल्या चौकातल्या किरकोळ दुकानातून किरकोळ भावानेच माल घ्यायच्या आणि दोन पिशव्या घेऊन परतायच्या. घाऊक बाजारात का जात नाही? त्या म्हणाल्या, "जाऊन काय करू? तिथं अख्खा क्रेट घ्यावा लागतो. माझा दिवसाला आठ किलो खपतो. उरलेला कोणाच्या डोक्यावर घालू?"

क्रेट वीस-बावीस किलोचा. गाळ्यावर तो फोडत नाहीत आणि त्यांचंही चुकत नाही, पहाटे तीनशे क्रेट हलवायचे असताना तराजू घेऊन कोण बसेल? पण त्यातून हिशेब उलटा होतो. जो शंभर किलो घेतो त्याला एका हाताचा भाव मिळतो, जो आठ किलो घेतो त्याला तीन हातांचा. ज्याच्या खिशात कमी, त्याच्या ताटात येणाऱ्या भाजीवर सगळ्यात जास्त लोकांची मजुरी चढलेली. सात वर्षं ही वही मीच लिहीत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गाळ्यावर येणारे एक टेम्पोवाले होते, सगळा बाजार त्यांना मामा म्हणायचा. पहाटे पाचला टेम्पो रिकामा झाला की ते चहा पिऊन घरी जायचे. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं : अर्धा क्रेट, नऊ टपऱ्या, एक फेरी. मामांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, "ताई, यात डिझेल कुठं लिहिलंय?" खरंच लिहिलेलं नव्हतं. डिझेल धरून पुन्हा मांडलं, तेव्हा महिन्याकाठी थोडं नुकसानच दिसत होतं. तरी सुरू केलं. मामा आजही सांगतात की त्यांना माझा हिशेब पटला नव्हता, मी परत मागे लागू नये म्हणून ते हो म्हणाले.

पहिले दोन महिने बाजाराच्या फाटकाबाहेर रस्त्यावरच्या दिव्याखाली आम्ही क्रेट फोडायचो. निवड करायची, फुटका बाजूला, कच्चा-पिकला वेगळा, अर्धा-अर्धा भरून चिठ्ठी लावायची. तिसऱ्या आठवड्यात एका काकूंनी केळीही मागितली. पिकत आलेल्या केळ्यांचे चार क्रेट पालेभाजीच्या जुड्यांना खेटून लावले, वरून ताडपत्री आवळली. त्या दिवशी गाडी वाटेत बंद पडली, माल रात्रीपर्यंत तसाच बंदिस्त राहिला, तेव्हा मामा म्हणाले उद्याच्या फेरीला घेऊन जाऊ. दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढली तर केळी छान पिवळी, आणि चाळीस जुड्याही पिवळ्या! मी मामांवर ओरडले, मामा गाडीवर.

ती चूक माझी होती. पिकणारं केळं इथिलीन वायू सोडतं, पिकणारा टोमॅटोही सोडतो, आणि पालेभाजी त्या वायूने पिवळी पडते. बाजारातला कुठलाही जुना हमाल हे नाव न घेता सांगू शकतो. तो केळी आणि पाला शेजारी लावतच नाही. मी सात वर्षं गाळ्यावर बसले होते, पण गादीवर. त्या दिवसापासून आमच्या गाडीत पुढे पाला, मागे फळं, मध्ये ओल्या गोणपाटाचा पडदा आणि वरच्या ताडपत्रीला हवेसाठी फट.

ओलं गोणपाट हा आमचा खरा यंत्रसाठा. भाजीचं बहुतेक वजन पाण्याचंच असतं, टोमॅटोत तर शंभरातले चौऱ्याण्णव भाग पाणी. त्यातलं थोडं जरी उडालं, वजनाचे पाच-दहा टक्के, तरी पाला मलूल होतो आणि गिऱ्हाईक हात लावत नाही. म्हणजे आम्ही रात्रभर पाणीच वाहतो, आणि ते वाटेत सांडू नये म्हणून धडपडतो. १९४८ साली पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रूळ बंद झाले, तेव्हा वीस लाखांवर लोकांच्या त्या शहराला जवळजवळ वर्षभर विमानांनी धान्य आणि कोळसा पुरवला गेला. त्या वेळी बटाटे सुकवून न्यायचे, कारण विमानातून पाणी वाहणं परवडत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "आपणही भाजी वाळवून विकूया मग."

चौथ्या वर्षी कर्ज काढून गार गाडी घेतली. दिसायला झकास, पांढरी. पण गार किती ठेवायची? पालेभाजीला शून्याच्या जरा वर हवं, केळं तेरा अंशांच्या खाली काळवंडतं, टोमॅटो दहा अंशांच्या खाली राहिला की त्याची चव जाते आणि नंतर डाग पडतात. आमच्या गाडीत तर सगळंच थोडं-थोडं. एकाच मालाची भरलेली गाडी लांबून आणणाऱ्याला ती वरदान आहे. तीस ठिकाणी दार उघडणाऱ्या आमच्यासारख्याला ती फक्त डिझेल पिते. दीड वर्षात तोट्यात विकली. कर्जाचे हप्ते गाडी गेल्यावरही दोन वर्षं चालू होते. अजूनही कोणी नवीन माणूस उत्साहाने गार गाडीबद्दल विचारायला आला की मामा मुद्दाम बाहेर जाऊन बसतात.

ज्या गोष्टीने आम्हाला खरं तारलं तिला कर्ज लागलं नाही. एका पावसाळी संध्याकाळी मी वसुलीसाठी वस्तीत होते. साडेसातच्या सुमारास कामावरून परतणाऱ्या बायकांचा लोंढा आला, आणि टपरीवर मान टाकलेल्या चार जुड्या. एकीने त्या उचलल्या, उलटून पाहिल्या, परत ठेवल्या आणि शेजारच्या दुकानातून बिस्किटाचे दोन पुडे घेऊन गेली. आमचा माल सकाळी सहाला पोचत होता, सहाला ती घराबाहेर पडत होती. तेरा तासांनी परतली तेव्हा तिच्या वाट्याला जे उरलं होतं ते हे.

आम्ही दुसरी फेरी लावली, संध्याकाळी सहाची. सकाळचाच माल, पण आमच्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली राखलेला. काकूंना सकाळी भीतभीत आठ किलो घ्यायची गरज उरली नाही. चार सकाळी, सहा संध्याकाळी. फेकणं निम्म्यावर आलं आणि खप वाढला. डिझेल दुप्पट झालं तरी त्या वर्षी पहिल्यांदा वहीत खाली शाईने नफा लिहिला.

त्यानंतर मला नकाशावरच्या चर्चांचा थोडा कंटाळा येतो. ज्या वस्तीजवळ ताजं अन्न मिळत नाही तिला 'अन्नाचं वाळवंट' म्हणायची पद्धत १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये पडली. शब्द लक्षात राहतो. पण नकाशावर दुकानाचा ठिपका असला म्हणून सोय झाली असं नाही. अमेरिकेत अशा भागांत मोठी दुकानं उघडून पाहिली, तेव्हा नुसत्या दुकानाने लोकांच्या खरेदीत फारसा बदल होत नाही असंच पुढच्या अभ्यासांत दिसलं. मला ते वाचून नवल वाटलं नाही. दुकान किती वाजता उघडं आहे, कमीत कमी किती घ्यावं लागतं, रोजच्या मजुरीत तेवढं बसतं का आणि घरी गेल्यावर शिजवायला अंगात त्राण उरतं का, हे ठिपक्याला विचारता येत नाही.

घाऊक बाजार शहराबाहेर गेले त्याचंही असंच. मोठ्या ट्रकांना गल्ल्यांत वळता येईना, म्हणून जगभर हे घडलं. पॅरिसच्या मध्यावरचा शेकडो वर्षांचा बाजार १९६९ मध्ये उचलून रंजीसला नेला, लंडनचा कॉव्हेंट गार्डनचा १९७४ मध्ये हलला. ट्रकवाल्यांची, रहिवाशांची, सगळ्यांची सोय झाली, आणि त्यात चूक काढावी असं काही नाही. फक्त हातगाडीवाल्याला पूर्वी चालत जाता यायचं, आता त्याला वाहन लागतं. ते वाहन म्हणजे आमच्यासारखे लोक. हातगाडीवाल्यांच्या गैरसोयीवर आमचं घर चालतं, हे मी विसरत नाही.

उधारीबद्दल थोडं, कारण याच जागी धंदा बुडता बुडता राहिला. सगळ्यांनी सांगितलं होतं, वस्तीतले लोक बुडवतील. पण टपरीवाले संध्याकाळी सकाळचे पैसे देतात. कोणाचं थकलंच तर चार दिवस. एका मोठ्या कॅन्टीनने मात्र साठ दिवसांचा करार केला, एकशे दहाव्या दिवसापर्यंत टोलवलं, आणि शेवटी माल खराब होता म्हणून तिसरा हिस्सा कापला. माल खराब असता तर तो साडेतीन महिने रोज उतरवून का घेतला, याला उत्तर नव्हतं. त्या महिन्यात मी गळ्यातलं गहाण टाकून शेतकऱ्यांच्या पट्ट्या चुकत्या केल्या. सगळ्या टपऱ्यांची मिळून आजवर बुडालेली रक्कम त्या एका कापाकापीच्या निम्मीही नाही.

आणि एक गोष्ट, जी सांगायला मला आवडत नाही. एका पावसाळ्यात महामार्ग तीन दिवस बंद पडला. शहराकडे धान्य बरेच दिवस पुरेल इतकं असतं, पण हिरवा माल रोजचा रोज येतो. दुसऱ्या दिवशी बाजार झाडून काढल्यासारखा दिसत होता. आमच्याकडे आदल्या रात्रीचे साठ क्रेट होते. फोन वाजायला लागले, मी तिप्पट भाव देणाऱ्या दोन उपाहारगृहांना चाळीस क्रेट दिले. गहाण सोडवायचं होतं. वीस क्रेट घेऊन मामा वस्तीत गेले आणि परत येऊन काही बोलले नाहीत. त्यानंतर मावशीच्या गल्लीतल्या त्या काकूंनी दोन महिने आमच्याकडून माल घेतला नाही.

पुढे ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंते शहराबद्दल वाचलं. तिथल्या नगरपालिकेने १९९३ पासून अन्न हा नागरिकांचा हक्क मानून कामं उभी केली, त्यातलं एक मला आमच्या कामाचं वाटलं. चांगल्या चौकातली मोक्याची जागा विक्रेत्याला द्यायची, पण ठरावीक वस्तू ठरलेल्या कमी भावात विकायच्या आणि आठवड्याच्या शेवटी गाडी भरून लांबच्या गरीब वस्तीत न्यायची, या अटीवर. आमच्यावर अशी अट कोणी घातली नव्हती, तेव्हा आम्हीच घालून घेतली. शहराच्या मध्यावरची चार कॅन्टीनं आमचा नफा देतात, त्यांच्या करारात वेळेवर पैसे हे कलम पहिलं असतं, आणि त्यातून रुळांपलीकडच्या फेरीचं डिझेल निघतं. रस्ते बंद झाले तर प्रत्येक गिऱ्हाईकाला त्याच्या रोजच्या मालाच्या प्रमाणात, रोजच्याच नफ्यावर. मागच्या पावसाळ्यात हे एकदा वापरावं लागलं. एक कॅन्टीन रागावून गेलं ते गेलंच.

आज तीन टेम्पो आहेत, अकरा माणसं आणि एकशे चाळीसच्या आसपास टपऱ्या. फेकलेला माल आम्ही वेगळ्या वहीत लिहितो, कारण काय तेही. संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घराघरांत. आमच्या वहीतली सगळ्यात लांब नोंद 'गाडीत दबला' ही आहे, म्हणून गेल्या वर्षी क्रेट एकावर एक पाचच लावायचे असं ठरवलं. त्याने फेरीला एक रांग कमी बसते. मामांची आणि माझी त्यावरून अजून धुसफूस चालते.

गेल्या महिन्यात एका नव्या गिऱ्हाईक बाई आल्या. शिवणकाम करतात, घराच्या ओट्यावर संध्याकाळी दोन तासच भाजी ठेवणार. त्यांना पाव क्रेट हवाय. मामांनी माझ्याकडे पाहिलं. कागद घेऊन बसलेय, या खेपेला डिझेल सगळ्यात वर लिहिलंय.