पांढरं रेशनकार्ड आणि बाबांची अँजिओप्लास्टी: माझा अनुभव

मागच्या मे महिन्यातली गोष्ट, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, बाबा सक्करदऱ्याच्या बाजारातून आले आणि छातीत दुखून राहिलं म्हणाले. आम्हाला वाटलं ऊन लागलं असेल, आईनं पन्हं करून दिलं, आणि ते चार-पाच तास वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं. रात्री दरदरून घाम फुटला तेव्हा जवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. ईसीजी, टूडी इको, रक्त तपासणी, मग अँजिओग्राफी, दोन ब्लॉकेज निघाले. काउंटरवर म्हणे दीड लाख भरा, आणि मोफत उपचाराची सरकारी योजना आमच्याकडे नाही.

योजनेचं मी विचारलंही नव्हतं, कारण आपलं पांढरं रेशनकार्ड, आपल्याला काय मिळणार, असंच घरात समजत होतो. 2023 मध्ये सरकारनं महात्मा फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या कार्डवाल्यांनाही लागू करायचं ठरवलं, कव्हरही दीड लाखावरून कुटुंबामागे वर्षाला 5 लाख केलं, हे मला त्या रात्री शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं. सकाळी ॲम्बुलन्सनं बाबांना योजनेतल्या हॉस्पिटलात हलवलं.

तिथली आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारी मुलगी, फार चांगली होती, आधारसाठी बोटाचा ठसा घ्यायचं मशीन घेऊन बाबांच्या बेडपाशीच आली. पण ठसाच लागेना. 40 वर्षं सुतारकाम केलेला माणूस, बोटं पार झिजलेली. ओल्या रुमालानं अंगठा पुसला, मग दुसरा अंगठा, मग एकेक बोट, आणि बाबा सलाईन लागलेल्या हातानं मशीन दाबत तिलाच म्हणून राहिले होते, "माफ कर गं पोरी." मला रडूच आलं. ओटीपी करा म्हटलं तर आधारला लहान भावाचा नंबर, तो पुण्यात ड्युटीवर, फोन बंद. दीड तासानं लागला. मग मंजुरी यायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली, संध्याकाळी दोन स्टेंट पडले. हॉस्पिटलातून सुटी दिली त्या दिवशी एक रुपया घेतला नाही, हे मी सगळ्यांना सांगतो.

पण पहिल्या हॉस्पिटलातले 31 हजार गेले ते गेले. माझा साळा म्हणते, सगळ्यांना कार्ड दिलं म्हणजे सगळ्यांना आरोग्य मिळालं. मला नाही पटत. कार्ड चालतं भरती झाल्यावर. त्याच्या आधीची ओपीडी, तपासण्या, आणि सुटीनंतर थोड्या दिवसांतच सुरू होणारा महिन्याच्या गोळ्यांचा खर्च आपलाच, आणि आमच्यासारख्याच्या घरात माणूस दुखणं अंगावर काढते ते याच खर्चाला भिऊन. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये असं सरकारनं आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीनं 1946 मध्ये लिहून ठेवलं आहे, तेव्हा तर देश स्वतंत्रही नव्हता झाला. आपल्या नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांत बालाघाट, छिंदवाडा, गडचिरोलीहून लोक रात्रभर प्रवास करून येतात, म्हणजे त्यांच्या गावाजवळ काही नाही म्हणूनच ना? पैसा तिथं लागायला पाहिजे, डॉक्टर, मशीन, औषधं, सगळं तालुक्यालाच मिळालं पाहिजे.

बाबा आता बरे आहेत. ज्यांचं पांढरं कार्ड आहे त्यांनी आजच घरातल्या म्हाताऱ्यांच्या आधारला कोणाचा नंबर आहे ते बघा, ठसा लागतो का तेही बघून घ्या. आमच्याकडे आता बाबांचाच नंबर लावला आहे.