कासवाची शेगडी

स्टोव्ह म्हटलं की माझ्या पिढीच्या मराठी माणसाला पिन आठवते. रॉकेलचा पितळी स्टोव्ह, भक्कन वर येणारी पिवळी ज्योत, भिंतीवरची काजळी आणि आतून आईचा आवाज, "पिन मार गं जरा!" त्यामुळे आमच्या गावच्या चर्चची देखभाल पाहणाऱ्या वॉर्डनबाई फाटकाशी येऊन "आम्हाला एका बऱ्याशा स्टोव्हबद्दल तुझा सल्ला हवाय" असं म्हणाल्या, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी पिनच आली.

(त्या 'तू' म्हणाल्या की 'तुम्ही', हे इंग्रजीत कळायला मार्ग नाही. पण त्या ऐंशीच्या पुढच्या आणि मी पन्नाशीच्या अलीकडची, तेव्हा माझ्या डोक्यात त्या मला 'तू'च म्हणतात.)

आमचं गाव इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातलं, शेजारच्या एसेक्सच्या हद्दीला टेकलेलं. शंभरेक घरं, एक पब, एक लाल पोस्टाची पेटी आणि गावाच्या मानाने दांडगं चर्च. मध्ययुगात या भागात लोकरीच्या कापडाचा पैसा खेळत होता, तो असा गारगोटीच्या जाड भिंतींत जिरलाय. आता रविवारी उपासनेला माणसं येतात अकरा. व्हिकारबाईंकडे, म्हणजे आमच्या पाद्रीबाईंकडे, अशी सहा गावं असल्यामुळे आमच्या वाट्याला महिन्यातून दोनच रविवार. मी ख्रिस्ती नाही, पण उन्हाळ्यातल्या केकच्या स्टॉलमुळे आणि नवऱ्याला घंटा वाजवायच्या टोळीत ओढल्यामुळे आमचं तिथे जाणंयेणं आहे. वाईला आमच्या आळीतल्या देवळाचं छप्पर गळायला लागलं की वर्गणी सगळेच द्यायचे, भक्ती कुणाची किती ते कुणी विचारत नसे. इथेही तसंच आहे.

बाईंना कुणीतरी सांगितलं होतं की मी 'हीटिंगमध्ये' आहे. मी हीटिंगमध्ये नाही. मी एसीवाली. पुण्यात बारा वर्षं हॉटेलं आणि ऑपरेशन थिएटरं थंड केली, आता केंब्रिजला प्रयोगशाळांची हवा सांभाळते. तसं त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग तेच उलटं करायचं." तत्त्व म्हणून यात काही चूक नव्हती.

चर्चमधला तेलावरचा बॉयलर तीन वर्षांपूर्वी गेला होता. तात्पुरते म्हणून चाकांवरचे गॅस हीटर आणले होते, तीन. ते लावले की समोरच्या माणसाच्या नडग्या भाजतात आणि पाठ तशीच गार राहते. त्याहून वाईट म्हणजे गॅस जळला की पाणी तयार होतं. एक किलो गॅसमागे दीड लिटरहून जास्त. पंधरा किलोचं एक सिलिंडर संपेस्तोवर तेवीस-चोवीस लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातं आणि त्या बर्फगार भिंतींवर, ऑर्गनच्या लाकडावर, प्रार्थनेच्या पुस्तकांवर बसतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खांबावरून ओघळ वाहत होते आणि बाई फडक्याने खांब पुसत होत्या. दर पंधरवड्याला दोन बादल्या पाणी आपणच आत ओतायचं आणि आपणच पुसायचं. हे ऐकल्यावर त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि "तीन वर्षं!" एवढंच म्हणाल्या.

मग मी टेप काढून मापं घेतली. लांबी बावीस मीटर, रुंदी आठ, उंची सरासरी नऊ. म्हणजे जवळजवळ सोळाशे घनमीटर हवा. शेगडी विकणारे लोक एक ढोबळ हिशोब सांगतात, चौदा घनमीटरला एक किलोवॅट. तो घरांसाठीचा आहे, चर्चला खरं तर त्याहून जास्तच लागेल. तरी त्याने भागून पाहिलं तर एकशे दहाच्या वर किलोवॅट. घरात बसवतात ती लाकडाची शेगडी पाच किलोवॅटची. म्हणजे अशा बावीस-तेवीस शेगड्या. अकरा माणसांना माणशी दोन.

शिवाय गरम हवा वर जाते, आणि वर देवदूत आहेत. सफोकमधल्या बऱ्याच जुन्या चर्चांच्या लाकडी छताला तुळयांच्या टोकांवर पंख पसरलेले देवदूत कोरलेले असतात, तसे आमच्याकडेही आहेत, सोळा. १६४३-४४मध्ये विल्यम डाउझिंग नावाचा गृहस्थ सरकारी हुकूम घेऊन या भागातल्या चर्चांमधल्या मूर्ती आणि रंगीत काचा फोडत हिंडला होता. आमचे देवदूत वाचले, माझ्या मते शिडी पुरली नाही म्हणून. तर खाली कितीही जाळलं तरी पहिली ऊब या सोळा जणांना, मग छतातल्या वटवाघळांना (त्यांना इथे कायद्याचं संरक्षण आहे, हुसकता येत नाही), आणि उरलीसुरली बाकांवरच्या अकरा जणांना. पोलादाच्या आणि ओतीव लोखंडाच्या शेगड्यांचे रंगीत कॅटलॉग बाईंनी जमवून ठेवले होते, त्यावर खुणाही केल्या होत्या. ते सगळे मी मिटवून ठेवले. त्यांचा चेहरा पडला.

"मग आधीच्या लोकांनी काय केलं?" त्यांनी विचारलं.

बहुतेक शतकं काहीच केलं नाही. माणसं लोकरीत गुंडाळून यायची आणि कुडकुडायची. मोठ्या जमीनदारांची बाकं चारी बाजूंनी पेटीसारखी बंद असायची, काही ठिकाणी तर त्यात त्यांची खाजगी शेकोटीसुद्धा असे. देवापुढे सगळे सारखे, थंडीपुढे नाहीत. खरी ऊब आली ती एकोणिसाव्या शतकात, ओतीव लोखंडाबरोबर. सर गोल्ड्सवर्दी गर्नी यांची शेगडी मी ईलीच्या कॅथीड्रलमध्ये पाहिली आहे. माणसापेक्षा उंच काळं पिंप, डोक्यावर मुकुट आणि सभोवार उभ्या पट्ट्या. या पट्ट्या तळाशी पाण्याच्या हौदात बुडालेल्या असत, म्हणजे हवा तापताना कोरडी पडायची नाही. ज्याने १८५६ साली याचं पेटंट घेतलं त्या माणसाला माझ्या धंद्यातलं निम्मं शिक्षण न शिकताच आलेलं होतं.

पण गावातल्या चर्चचं दैवत वेगळं. बाई मला उत्तरेच्या भिंतीकडे घेऊन गेल्या. तिथे फुलांच्या बादल्यांच्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या मागे एक गोल, काळी, कमरेएवढी लोखंडी शेगडी उभी होती. धुराचा पाइप खांद्यापासून कापलेला. झाकणावर एक कासव ओतलेलं, आणि त्याच्याभोवती इंग्रजी अक्षरं: जळणार हळू पण खात्रीने. ही टॉर्टॉइज शेगडी. ही बनायची आमच्या शेजारच्याच हॉलस्टेडला. तिथल्या चार्ल्स पोर्टवे नावाच्या लोखंडसामानवाल्याने १८३०च्या सुमारास स्वतःचं दुकान गरम ठेवायला एक शेगडी बनवली, ती पाहून शेजाऱ्याने मागितली, आणि होता होता त्या कासवाने देशभरातली चर्चं आणि शाळा धरल्या. सगळी गंमत हवेच्या नियंत्रणात. हवा थोडी, त्यामुळे कोळसा धिमा, आणि उष्णता धुराड्यातून पळून जायच्या आत खोलीत.

मी ते झाकण उचललं. हात काळे झाले, आणि कापूर संपल्यावर कापूरारतीला येतो तसा एक जुना, थंड, लोखंडी वास आला. आत जाळीला आरपार तडा होता. बाई म्हणाल्या, लहानपणी त्या मुद्दाम या शेगडीच्या मागच्या बाकावर बसायच्या आणि ओले हातमोजे तिच्यावर ठेवायच्या. एकदा एक हातमोजा जळला. प्रवचन चालू असतानाच लोकर जळल्याचा वास सुटला आणि त्यांच्या वडिलांनी बाहेर आल्यावर एक शब्द न बोलता स्वतःचे मोजे काढून दिले.

"ही सुरू होईल का?"

नाही होणार. जाळी गेलेली, धुराडं नाही, आणि धूर करणारा साधा दगडी कोळसा घरगुती शेगड्यांसाठी विकायला इंग्लंडमध्ये आता बंदी आहे. हे मी जमेल तितकं हळू सांगितलं.

इथून पुढचा एक हिवाळा कागदांत गेला. चर्चमध्ये खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते असं म्हणतात, शेगडीला तर लागतेच. बिशपच्या इलाख्याची सल्लागार समिती असते, तिचं मत घ्यायचं, मग चॅन्सेलर म्हणून एक न्यायाधीश असतात ते मंजुरी देतात. त्यात २०२० साली इंग्लंडच्या चर्चच्या महासभेने २०३०पर्यंत कर्बउत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं ठरवलंय, त्यामुळे प्रत्येक काडीचा हिशोब. मला याचा कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण समितीचे जे गृहस्थ पाहणीला आले ते गमबूट घालून आले, दोन तास बसले आणि जाताना एकच वाक्य बोलले: इमारत तापवू नका, माणसं तापवा.

माणूस ही सुद्धा एक शेगडीच आहे. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण शंभर वॅट उष्णता देतं. नाताळच्या कॅरलना आमच्याकडे एकशे तीस माणसं जमतात, म्हणजे तेरा किलोवॅट, अडीच शेगड्या फुकट, आणि त्या दिवशी थंडीची तक्रार कुणी करत नाही. तक्रार जानेवारीतल्या अकरा जणांची आहे. अकरा म्हणजे जेमतेम एक किलोवॅट. त्यांना सोळाशे घनमीटरमध्ये विखरून बसवायचं कशाला?

बाजूला वेस्ट्री आहे. पाद्री झगा चढवतात, हिशोबाच्या वह्या आणि चहाचे कप राहतात ती खोली. चार बाय चार, उंची तीन. व्हिक्टोरियन काळात जोडलेली, आणि तेव्हाच्या लोकांनी तिथे एक छोटी शेकोटी आणि खरं धुराडं बांधून ठेवलेलं. अठ्ठेचाळीस घनमीटर, साडेतीन किलोवॅट. पाचची शेगडी भरपूर. जानेवारी-फेब्रुवारीची उपासना वेस्ट्रीत करायची, आणि मोठ्या चर्चमधल्या पहिल्या दोन बाकांवर विजेच्या गरम उश्या टाकायच्या. एका उशीला जुन्या बल्बएवढी वीज.

दुकानदार म्हणाला, आठची घ्या, पैशाचा फरक फारसा नाही. हा मोह सगळ्यांना होतो. मोठी शेगडी छोट्या खोलीत बसवली की अर्ध्या तासात घामाच्या धारा लागतात, मग माणूस शेगडीची हवेची झडप बंद करून तिला घुसमटवतो. घुसमटलेलं लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं, आणि धुराड्यात आतून डांबरासारखा थर धरतो. एक दिवस तोच थर पेटतो. शिवाय पाचच्या वर गेलं की भिंतीला कायमचं भोक पाडून बाहेरची हवा आत घ्यावी लागते. मी पाचवर अडून बसले. भोकाचं ऐकल्यावर बाईही.

धुराडं साफ करायला आलेल्या माणसाने जॅकडॉ नावाच्या इथल्या छोट्या कावळ्यांची घरटी काढली. पाच पोती काटक्या, त्यात मेंढीची लोकर, एक चमचा आणि कुणाची तरी पावती. मग आत स्टीलची नळी सोडली, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीला लागला.

लाकूड पबवाल्याने देऊ केलं, राखेच्या झाडाचं, वादळात पडलेलं. म्हणजे ॲश, मराठीत भाषांतर केलं की भलताच अर्थ होतो. बाई म्हणाल्या, छान वाळलंय. इथे लाकडाचा ओलावा मोजायचं एक हातातलं यंत्र मिळतं, त्याला पुढे दोन टोकदार पिना असतात. ओंडका फोडायचा आणि आतल्या ताज्या बाजूत त्या पिना रुतवायच्या. वीस टक्क्यांच्या खाली आकडा हवा. आमचा आला एकतीस. शेवटी मीही स्टोव्हसाठी पिन मारलीच. लाकूड पुढच्या वर्षासाठी रचून ठेवलं आणि या वर्षीपुरत्या वाळवलेल्या लाकडाच्या पिशव्या विकत आणल्या.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला शेगडी पेटवायची ठरली. बाहेर उणे चार. बाईंनी नवी टोपी घातली होती. घंटावाले, पबवाला, व्हिकारबाई, सगळे त्या चार बाय चारमध्ये उभे. शेगडी बसवणाऱ्याच्या सूचनांप्रमाणे मी काटक्या रचल्या, काडी लावली, दार लोटलं.

सगळा धूर खोलीत. खोकला, शिव्या (पबवाल्याच्या), खिडकी उघडायची झटापट. अलार्म काही वाजला नाही, पण सगळे त्याच्याकडेच बघत होते. आणि त्या धुरात मला एकदम वाईचं न्हाणीघर दिसलं. तांब्याचा बंब, मधोमध नळी, खाली जाळी, आणि करवंट्यांची परडी घेऊन बसलेली आजी. नळी गार असली की वरची थंड हवा बूच मारल्यासारखी बसते आणि धुराला खालीच ढकलते. आजीला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ती म्हणायची, "आधी नळीला ऊब दे, मग पोटाला घाल."

मी गावच्या बातमीपत्राचा जुना अंक उचलला, घट्ट गुंडाळून त्याचा काकडा केला, पेटवला आणि हात आत घालून नळीच्या तोंडाशी धरला. दहा, पंधरा, वीस सेकंद. बोटं भाजायला लागली. मग वर कुठेतरी घुर्रर्र असा ओळखीचा आवाज झाला आणि खोलीतला धूर ओढणीचं टोक खेचावं तसा शेगडीत परत गेला.

"हे तू पुण्यात शिकलीस? एसीच्या कामात?" बाईंनी विचारलं.

बंबाला इंग्रजीत काय म्हणावं ते मला त्या क्षणी सुचेना. आमच्याकडे पाणी तापवणारा तोही बंब आणि आग विझवणारा तोही बंब, हे कुठून समजावत बसणार. "आजीच्या बाथरूममध्ये," मी म्हटलं. बाईंनी मान डोलावली, हातमोजे काढले आणि शेगडीच्या डोक्यावर ठेवायला पुढे केले. मग थांबल्या, आणि खुर्चीच्या पाठीवर टाकले.